करंडकातच आहे

१

चांदीचा डबा उघडला आणि आत नुसता कापूस निघाला.

संग्रहालयाच्या संचालकांना आधी वाटलं, कुपी कापसात रुतून बसली असेल. त्यांनी बोटानं चाचपलं, कापूस उचलला, झटकला, आणि मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. समोरच्या खुर्चीत टेकडीवरच्या आश्रमाच्या अक्का बसल्या होत्या, काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून. या वयात टेकडी उतरून त्या ज्यासाठी आल्या होत्या, तेच जागेवर नव्हतं.

होतं काय त्यात? आश्रमाच्या आद्य गुरूंच्या अस्थीचा, करंगळीच्या नखाएवढा तुकडा. तो स्फटिकाच्या कुपीत, कुपी चांदीच्या डब्यात आणि डबा दगडी पेटीत. अशी एकात एक घातलेली ही ठेव आश्रमानं फार वर्षांपूर्वी सांभाळायला म्हणून संग्रहालयाकडे दिली होती. आश्रमातली माणसं त्या तुकड्याला ‘धातू’ म्हणत. तांबं-पितळ हा धातू निराळा. थोर माणसाच्या देहाचा जो अंश मागे उरतो, तोही धातूच. आता टेकडीवर नवं स्मारक उभं राहत होतं. धातू त्याच्या पायात ठेवायचा, वरून चिरे बसवायचे, की पुन्हा तो कुणाच्या दृष्टीला पडणार नव्हता.

“मोहर तर शाबूत होती,” संचालक म्हणाले. ते खरंच होतं. दगडी पेटीवरची लाखेची मोहर आत्ताच सगळ्यांच्या देखत फोडली होती.

मोहर शाबूत आणि ठेव गायब म्हटल्यावर माणसं एकाच दिशेला बघतात. ज्याला मोहर फोडून पुन्हा तश्शी लावता येईल, त्याच्याकडे. संग्रहालयात हे जमेल अशी एकच व्यक्ती होती, जुन्या वस्तूंची डागडुजी करणारी बाई. तिच्या खोलीत लाख होती, दिवा होता, ठसे उतरवायची माती होती. पेटी रात्रभर ज्या कपाटात होती त्याची किल्लीही तिच्याकडेच होती. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तिच्या शेजारी तिची सासू उभी होती. या सासूबाईंचं सगळं आयुष्य शब्दकोशाच्या कचेरीत गेलं होतं. निवृत्त झाल्या तरी ‘क’ अक्षराचा खंड त्यांच्याच गळ्यात होता. गावात त्यांना सगळे कोशबाई म्हणत आणि जरा बिचकूनच असत. दूधवाल्यानं ‘उद्या दूध भेटणार नाही’ म्हटलं की ‘दूध मिळतं, माणसं भेटतात’ असं त्याला ऐकवून मगच त्या दार लावायच्या. सून तर हक्काचीच. तिचं एक वाक्य दुरुस्त न करता कोशबाईंचा दिवस मावळत नसे.

आजही त्या एका शब्दापायीच आल्या होत्या. ‘करंडक’ हा शब्द लिहून संपवायचा होता. पवित्र अवशेष ठेवायचं पात्र, असा अर्थ कागदावर होता. पण वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय अर्थावर शाई फिरवायची नाही, ही त्यांची रीत. सुनेनंच हौसेनं बोलावलं होतं त्यांना.

अक्कांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. मग म्हणाल्या, “मी इथेच बसते. धातू घेतल्याशिवाय मी टेकडी चढायची नाही.”

संचालकांनी संध्याकाळपर्यंत वाट बघू, नाहीतर पोलिसांना बोलवावंच लागेल, असं सगळ्यांना सांगितलं. मग सुनेकडे न बघताच त्यांनी हात पुढे केला आणि तिची किल्ली मागून घेतली.

२

सुनेच्या खोलीत जिकडेतिकडे कुंचले, चिमटे आणि कापसाचे गुंडाळे होते. कोशबाईंनी तिला स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं. दोघींचं सूत तसं बेताचंच. जवळ घेणं, पाठीवरून हात फिरवणं हे त्यांच्यात नव्हतंच कधी. पण आज कोशबाई दार लोटून तिच्या अगदी समोर बसल्या.

“सगळं सांग,” त्या म्हणाल्या. “आणि शब्द सांभाळून सांग. कोण काय बोललं ते जसंच्या तसं.”

सुनेनं सांगितलं ते असं. काल दुपारी साफसफाई संपली. पुढं हे कुणाच्या नजरेस पडणार नाही म्हणून फोटो काढून ठेवायचे होते, आणि उजेड चांगला म्हणून ते व्यवस्थापकांच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर काढायचं ठरलं. खोलीत चौघं होती. संचालक, फोटोग्राफर, व्यवस्थापक आणि ती. फोटो झाले तेव्हा कुपी डब्यात, कापसावर होती. झाकण लावायचं तेवढं राहिलं होतं. संचालक फोटोग्राफरला घेऊन खालच्या दालनात गेले. ती लाख आणि दिवा आणायला आपल्या खोलीत आली. परत जाऊन बघते तर व्यवस्थापकांनी झाकण लावून ठेवलेलं. धातू नीट आहे ना, असं तिनं विचारलं. ‘धातू करंडकात आहे,’ ते म्हणाले. तिनं डबा पेटीत ठेवला, लाख ओतली आणि मोहर उठवली. त्यानंतर आश्रमातून निरोप आला, अक्कांच्या तब्येतीचा भरवसा नाही, चार दिवसांनी ठरलेलं उद्याच उरकू या.

“झाकण उघडून बघितलं नाहीस?”

“दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर बघितलं असतं,” सून म्हणाली. “आई, भाऊ कधी खोटं बोलतात का?”

इथेच तर सगळं घोडं अडत होतं. व्यवस्थापकांना तोंडावर सगळे भाऊ म्हणत आणि पाठीमागे हरिश्चंद्र. हा माणूस खोटं बोलत नाही, ही थट्टाही होती आणि वस्तुस्थितीही. एकदा नको असलेल्या पाहुण्याला त्यांनी सांगितलं होतं, “साहेब आत आहेत. पण नाहीत म्हणून सांगा, असं म्हणालेत.” त्यांच्या आईनं लहानपणी त्यांच्याकडून वचन घेतलं होतं म्हणे. लोक हसत, पण त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हेही सगळे मानत.

आणि आज सकाळी संचालकांनी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा हरिश्चंद्र म्हणाले होते की होय, मी तसं म्हणालो आणि खरं तेच म्हणालो. झालं. मोहर लावताना धातू आत होता. म्हणजे तो नंतर गेला. आणि नंतर पेटीला हात लावू शकणारी ही एकटीच.

“माझी नोकरी गेली तर गेली,” सून हळूच म्हणाली. “पण या कामात नाव गेलं की काही उरत नाही. माझ्या हातात पुन्हा कुणी मातीचं मडकंसुद्धा देणार नाही. आणि तुम्ही... तुम्हालाही वाटलं असेल.”

“मला काय वाटतं ते तू नको सांगूस,” कोशबाई म्हणाल्या आणि उठल्या.

३

संचालक आपल्या खोलीत येरझारा घालत होते. ठेव आश्रमाला परत द्यायला त्यांची नाखुशी होती, हे त्यांनी आपण होऊन कबूल केलं. लोक संग्रहालयात यायचे ते ती पेटी बघायला. आता कोण येणार? पण म्हणून मी चोरी करीन का, असं त्यांनी इतक्या दुखावलेल्या आवाजात विचारलं की कोशबाईंनी तो विषय सोडला. काल दालनातून ते थेट घरी गेले होते, आणि फोटोग्राफर त्यांच्याबरोबरच होता. ठेवीबद्दल बोलताना ते ‘पेटी’, ‘डबा’, ‘कुपी’ असे तीन शब्द वापरत होते. कोशबाईंनी ते नकळत टिपलं. चाळीस वर्षांची खोड, ती काय जाणार.

फोटोग्राफर व्हरांड्यात वैतागून बसला होता. सकाळपासून त्याला घरी सोडलं नव्हतं आणि त्याची बॅग तिसऱ्यांदा उचकली होती. त्याचं म्हणणं सरळ होतं. शेवटचा फोटो डब्यात कापसावर ठेवलेल्या कुपीचा. त्यानंतर कुपीला कुणी हात लावलेला त्यानं पाहिला नाही. काम मात्र कटकटीचं झालं. खिडकीचा उजेड तिरपा, त्यात टेबलावर एक कप, तो सारखा मध्ये मध्ये यायचा. शेवटी त्यानं तो भाऊंना बाजूला घ्यायला लावला.

“कामाच्या टेबलावर कप,” कोशबाई नाक मुरडून म्हणाल्या. चहाचे डाग पडलेले कागद त्यांनी आयुष्यभर सोसले होते.

मग त्या हरिश्चंद्रांकडे गेल्या. त्यांची खोली लख्ख होती. खिडकीजवळ टेबल, भिंतीवर बुद्धिबळाच्या संघाचा फोटो, कोपऱ्यात अर्धवट सोडलेला डाव. खुर्चीशेजारी त्यांची पिशवी भरून तयार होती आणि पिशवीजवळ कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांचं लक्ष पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर रस्त्याकडे जात होतं.

आई आज घरी येतेय, ते म्हणाले. दवाखान्यात महिना झाला. आता डॉक्टरांनी घरीच न्या म्हटलंय. म्हणजे काय ते कोशबाईंना कळलं. म्हातारीची दृष्टीही जवळजवळ गेली होती. तरुणपणी ती आश्रमाच्या स्वयंपाकघरात राबली होती, लग्न झाल्यावर तिचं टेकडीवर जाणं सुटलं, ते कायमचंच.

मग कोशबाईंनी कालचं विचारलं. हरिश्चंद्रांनी एकेक शब्द तोलून उत्तर दिलं, पटावर सोंगटी ठेवावी तसं.

“झाकण मीच लावलं. धातू माझ्या हातानं करंडकात ठेवला. धातू करंडकात आहे, असं मी म्हणालो. त्यातलं अक्षरही खोटं नाही.”

“मग माझ्या सुनेनं चोरला, असं म्हणायचंय तुम्हाला?”

हरिश्चंद्रांचा चेहरा कसनुसा झाला. “नाही,” ते म्हणाले. “तसं मी कुणालाही म्हटलेलं नाही.”

कोशबाई बाहेर पडल्या. खोटं बोलणाऱ्या माणसाचा वास त्यांना दुरून यायचा. इथे तो नव्हता. हा माणूस खरं बोलत होता, आणि त्याचं खरेपणच त्यांच्या सुनेच्या गळ्याला फास लावत होतं. त्यांना रडू येईलसं वाटलं, आणि त्याचा रागही आला.

पण त्या वाक्यात काहीतरी खटकत होतं. दुरुस्त करावं असं काहीतरी. काय, ते मात्र सापडेना.

४

दारावरच्या पहारेकऱ्याला सगळे सुभेदार म्हणत. मिशा तशा होत्या आणि बोलणंही. त्यांनी कोशबाईंना बसायला आपली खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर बसले. उन्हं कलली होती. आत अक्का अजून तशाच बसून होत्या. कुणी पाणी दिलं तर तेवढं घेत होत्या.

कोशबाई विचार करत होत्या. कुपी आधीपासूनच डब्यात होती. सून तसं म्हणाली, फोटोग्राफरही तसंच म्हणाला. राहिलं होतं ते झाकण. मग हरिश्चंद्र ‘माझ्या हातानं ठेवला’ का म्हणाले? जी वस्तू ठेवलेलीच आहे ती पुन्हा कशी ठेवणार? ठेवायची तर आधी उचलावी लागते. आणि रिकामा डबा सगळ्यांनी बघितल्यावरही ‘आहे’ का? ‘होता’ का नाही?

ही चूक नवशिक्यानं केली असती तर त्यांनी सोडून दिली असती. पण शब्द तोलून बोलणारा माणूस काळ चुकवत नाही.

त्यांनी सुभेदारांना विचारलं, काल दुपारपासून दारातून काय काय बाहेर गेलं. सुभेदार दुखावले. बाहेर जाणारी पिशवी न् पिशवी, खिसा न् खिसा ते स्वतः तपासत. संचालकांचाही. सुतळीचा तोडासुद्धा गेला नव्हता. सुनेची शिदोरीची डबीही काल त्यांनी उघडून बघितली होती आणि आज तिच्या खोलीच्या झडतीत पुन्हा, हे त्यांनी जरा ओशाळून सांगितलं.

“आजही काही जायचं नाही,” सुभेदार म्हणाले. “म्हणजे एक आहे आपला, हरिश्चंद्रांचा करंडक. त्याची परवानगी साहेबांनी कधीच देऊन ठेवलीय.”

कोशबाईंनी मान वळवली. “काय म्हणालात?”

“तो बुद्धिबळाचा कप हो. झाकणावर घोडा आहे बघा. फिरता आहे ना, घरी नेऊन चकचकीत करायचा आणि स्पर्धेवाल्यांना परत द्यायचा. दर वर्षीचंच आहे.” सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. “इतकी वर्षं आपले कप-कप म्हणायचे. काल दुपारी आले आणि म्हणाले, उद्या करंडक घरी न्यायचाय. मी म्हटलं, आतला तर नव्हे ना? गंमत केली आपली. तर हसलेसुद्धा नाहीत.”

कोशबाई उठून उभ्या राहिल्या. करंडक. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला शब्द. झाकणाची लहान डबी, हा पहिला अर्थ. पवित्र अवशेषांचं पात्र, हा दुसरा. आणि तिसरा? स्पर्धेतल्या विजेत्याला मिळणारा मानाचा कप. दुसऱ्या अर्थाच्या नादात तिसरा त्यांच्या ध्यानीमनीही आला नव्हता. आणि टेबलावर मध्ये मध्ये येणारा कप चहाचा, असं त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. त्याच तसं धरून चालल्या होत्या. लोकांना शब्द नीट वापरा म्हणून झोडपणारी ही बाई, आणि साधा कप तिला कळला नाही.

माणूस वर्षानुवर्षांचा शब्द एका दुपारीत बदलतो, तेव्हा त्या दुपारी काहीतरी घडलेलं असतं.

व्हरांड्याच्या टोकाला हरिश्चंद्र दिसले. खांद्याला पिशवी होती आणि छातीशी कापडात गुंडाळलेली वस्तू धरून ते दाराकडे येत होते.

५

“भाऊ, जरा आत चला,” कोशबाई म्हणाल्या. “तेही बरोबर घ्या.”

अक्कांच्या पुढ्यात सगळी जमली. संचालक घड्याळाकडे बघत होते. सून भिंतीशी होती, सकाळी होती तिथेच. हरिश्चंद्रांनी कापडातली वस्तू टेबलावर ठेवली आणि तिच्यावरचा हात काढला नाही.

कोशबाईंनी आरोप केला नाही. त्यांनी एक साधं वाक्य मागितलं.

“भाऊ, तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला मान्य आहे. तुम्ही आत्ता एवढंच म्हणा, की काल मोहर लावली तेव्हा कुपी चांदीच्या डब्यात होती. करंडक नको, डबा म्हणा. इथे सगळे डबाच म्हणतात. तुम्ही तेवढं म्हणालात की मी सुनेला घेऊन घरी जाते आणि पोलीस काय ते बघतील.”

हरिश्चंद्र गप्प राहिले.

संचालकांना वाटलं, त्यांना प्रश्न कळला नसेल. त्यांनी तो पुन्हा सांगितला. म्हणा ना भाऊ, चांदीच्या डब्यात होती म्हणून. हरिश्चंद्रांचे ओठ हलले, पण शब्द काही फुटला नाही. साधं वाक्य, पण ते त्यांच्या तोंडून निघेना. खोलीत सगळ्यांना ते हळूहळू उमगत गेलं. सुनेला सगळ्यात शेवटी, कारण तिचा त्यांच्यावर सगळ्यात जास्त विश्वास होता.

त्यांनी कापड सोडलं. झाकणावर घोडा असलेला कप समोर आला. त्यांनी झाकण काढलं, आत हात घातला आणि रुमालात गुंडाळलेली कुपी अक्कांना दाखवली. अक्कांबरोबर आलेल्या आश्रमाच्या माणसांनी एकदम हात जोडले.

मग ते बोलले, ते खाली बघूनच. तरुणपणी आश्रमाच्या स्वयंपाकघरात राबलेल्या आईनं दवाखान्यात एकच गोष्ट मागितली होती. धातू चिऱ्यांखाली जायच्या आधी एकदा हातात घ्यायचा होता. दिसत नाही, तर निदान स्पर्श. त्यांनी संचालकांना विचारलं, संचालकांनी नियम सांगितला. काल खोलीत एकटे राहिले, समोर कप होता, आणि हात आपोआप गेला. कपाची झडती सुभेदार घेत नाहीत. आज संध्याकाळी आईला दाखवून उद्या परत आणायचा आणि मोहर पुन्हा लावून मागायची, असा विचार होता. मग निरोप आला की नेणं उद्यावर आलंय, आणि सगळंच अंगाशी आलं. एक दिवस निभावू, असं त्यांना वाटलं. आईला दिलेलं वचनही मोडायचं नव्हतं.

“म्हणून मी खोटं बोललो नाही,” ते म्हणाले.

“नाहीच बोललात,” कोशबाई म्हणाल्या. “तुम्ही शब्दाकडून खोटं बोलवून घेतलंत. आणि त्याचं पाप या पोरीच्या माथी आलं.”

सुनेनं भिंत सोडली. ती पुढे आली. तिचा आवाज चढला नाही, पण तो ऐकवत नव्हता. “माझी किल्ली काढून घेतली तेव्हा तुम्ही समोर होतात भाऊ. माझी डबी उघडून बघितली, माझी खोली उपसली. तुम्ही बघत होतात. मी झाकण उघडलं नाही, कारण तुम्ही सांगितलं होतं.” हरिश्चंद्रांनी तिच्यापुढे हात जोडले. तिनं तोंड फिरवलं.

संचालकांनी किल्ली तिच्यासमोर ठेवली आणि चूक झाली म्हणाले. तिनं ती लगेच उचलली नाही.

अक्कांनी विचारलं, “तुझी आई स्वयंपाकघरात होती म्हणालास. हसताना तोंडावर पदर घ्यायची, तीच का?”

हरिश्चंद्रांनी मान हलवली.

“आम्ही दोघी एका चुलीपाशी वाढलो रे,” अक्का म्हणाल्या. “मला विचारलं असतंस, तर मीच घेऊन आले असते.”

त्यावर हरिश्चंद्र लहान मुलासारखे रडले, आणि त्यांना कुणी गप्प केलं नाही.

आश्रमातल्या एकानं कुपीसाठी चांदीचा डबा पुढे केला. अक्कांनी त्याला हातानं थांबवलं. आधी याच्या आईकडे जायचं, मग टेकडीवर, असं त्यांनी सांगितलं. डबा नको, पेटी नको. ज्यात होता त्यातच राहू दे.

“पण अक्का, तो खेळातला कप आहे,” संचालक न राहवून म्हणाले.

“धातू ज्यात ठेवला तो करंडक,” अक्का म्हणाल्या आणि काठी टेकत उठल्या.

कोशबाईंनी ते वाक्य मनात दोनदा म्हणून बघितलं. त्यांनी लिहिलेला दुसरा अर्थ त्यापेक्षा लांब होता.

६

हरिश्चंद्रांचं घर दोन खोल्यांचं, जिन्याच्या वर. म्हातारीला नुकतंच आणून निजवलं होतं. खोलीत औषधांचा वास होता. अक्का पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. कोण आहे ते म्हातारीला बोटांवरून कळलं की आवाजावरून, कोण जाणे, पण तिनं दुसऱ्या हातानं तोंडावर पदर ओढून घेतला. 

कोशबाई दारात उभ्या होत्या आणि सून त्यांच्यामागे. तिला यायचंच नव्हतं. अक्का म्हणाल्या होत्या, तू सांभाळलंस ते इतके दिवस, तूच तिच्या हातात दे. म्हणून ती आली होती, ओठ घट्ट मिटून.

तिनं कपाचं झाकण काढलं, रुमाल उलगडला आणि कुपी म्हातारीच्या तळहातावर ठेवली. दुसरा हात खालून धरला, पडू नये म्हणून. म्हातारीनं कुपीवरून अंगठा फिरवला. मग ती कपाळाला लावली आणि तशीच राहिली. तिच्या बंद डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं. सुनेनं ते आपल्या पदरानं टिपलं.

बऱ्याच वेळानं म्हातारीनं कुपी परत केली. मग मुलाच्या दिशेला मान वळवून विचारलं, “कुणाला दुखवून नाही ना आणलंस रे?”

हरिश्चंद्र पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. आता हा माणूस खरं सांगणार, हे कोशबाईंना दिसलं. सांगितल्यावाचून त्याला गत्यंतरच नव्हतं. आणि ते ऐकून ही म्हातारी डोळे मिटणार होती. हरिश्चंद्रांनी तोंड उघडलंही.

“नाही हो आजी,” सून म्हणाली. “कुणाला काही त्रास झाला नाही. भाऊंनी विचारलं, आम्ही लगेच दिलं.”

म्हातारीनं समाधानानं मान हलवली. “मला ठाऊकच होतं,” ती म्हणाली.

सकाळपासून इतकं रामायण झालं, पण त्या दिवसात कुणी खोटं म्हणून बोललं नव्हतं. संचालक नाही, फोटोग्राफर नाही, हरिश्चंद्र तर नाहीच. पहिलं धडधडीत खोटं बोलली ती जिच्यावर आळ आला होता ती. हरिश्चंद्र तिच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांना बघवेना.

अक्का आश्रमाच्या गाडीतून गेल्या, कप मांडीवर घेऊन. सासू-सून पायीच निघाल्या. दुकानांचे दिवे लागत होते. सुनेनं संग्रहालयाची किल्ली मुठीत धरली होती. बऱ्याच अंतरावर ती म्हणाली, “आई, मी तिथे जे बोलले ते...” आणि थांबली. आता सासूबाई काहीतरी सांगणार, म्हणून तिनं वाट बघितली.

कोशबाईंनी तिचा दंड धरला आणि तसाच धरून चालत राहिल्या. त्या वाक्यात दुरुस्त करण्यासारखं त्यांना काहीच सापडलं नव्हतं.